आयोनियात सहा दिवस : इझमीर ते सामोस

ग्रीक तत्त्वज्ञानाची जन्मभूमी म्हटलं की लोक अथेन्सची तिकिटं काढतात. सॉक्रेटिसचा जन्म इ.स.पू. 469चा. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं आधी, एजियन समुद्राच्या पूर्व काठावर, आजच्या तुर्कस्तानच्या किनारपट्टीत, 'जग कशाचं बनलंय' हा प्रश्न देवांच्या गोष्टी बाजूला ठेवून विचारला जाऊ लागला होता. या पट्टीचं नाव आयोनिया. जुन्या पर्शियन भाषेतला 'यौन' आणि आपल्याकडचा 'यवन' हे शब्द याच नावावरून आले.

हा मार्ग इझमीरला सुरू होऊन ग्रीसच्या सामोस बेटावर संपतो, आणि दिशा उलटी करू नये. कारण व्हिसा. भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो, पण तो एकाच प्रवेशाचा असतो. सामोसला जाऊन परत तुर्कस्तानात यायचं ठरवलंत तर दुसरा व्हिसा लागेल. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ पाहावं. हंगाम एप्रिलचा उत्तरार्ध, मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये अवशेषांत सावली नसते आणि उत्तरेचा वारा बोटी रद्द करतो.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत हवी. या भागात जे भव्य दिसतं ते बहुतेक सगळं रोमन किंवा फार तर अलेक्झांडरनंतरचं आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या थेलीस, अनॅक्सिमँडर, हेराक्लिटस या तत्त्वज्ञांनी त्यातलं काहीही पाहिलेलं नाही. त्यांच्या काळातलं जे उरलंय ते लहान, मोडकं आणि बरेचदा पाण्याखाली आहे. तेच शोधत जायचं.

पहिला दिवस : उर्ला आणि सिजाजिक

इझमीर विमानतळावरच भाड्याची गाडी घ्यावी, आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर असावा. पुढचे चार दिवस बसने होतात, पण मिलेटसच्या बाजूला बसच्या वेळा इतक्या विरळ आहेत की एक बस चुकली तर दिवस गेला.

उर्ला इझमीरच्या पश्चिमेला, साधारण चाळीस किलोमीटर. तिथल्या बंदराजवळ, 'इस्केले' भागात, प्राचीन क्लाझोमेनाय. इथे इ.स.पू. सहाव्या शतकातला ऑलिव्ह तेलाचा कारखाना उत्खननात सापडला आणि तो पुन्हा उभा केला आहे. थेलीसची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. ॲरिस्टॉटल सांगतो : गरिबीवरून टोमणे मारले गेले तेव्हा थेलीसने आकाश पाहून पुढचं ऑलिव्हचं पीक भरघोस येणार हे ओळखलं, हिवाळ्यातच थोडी थोडी अनामत देऊन मिलेटस आणि किऑसमधली सगळी तेलयंत्रं भाड्याने धरली, आणि हंगामात हव्या त्या दराने पुढे दिली.

'यंत्र' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बैलाचा घाणा येतो. हे तसं नाही. ऑलिव्ह आधी दगडाखाली ठेचायचे. तो लगदा विणलेल्या पिशव्यांत भरून पिशव्या एकावर एक रचायच्या. वरून लांब लाकडी तुळई, तिचं एक टोक भिंतीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला दगडांची वजनं. पिळून निघतं ते तेल आणि पाणी एकत्र. खडकात कोरलेल्या खड्ड्यांत ते निवळू द्यायचं, तेल वर येतं. आता थेलीसचा डाव कळतो. झाडावरून उतरवलेले ऑलिव्ह साठवता येत नाहीत. ढिगात गरम होतात, आंबतात, तेल खवट होतं. म्हणजे पीक मोठं आलं की टंचाई फळांची होत नाही, तुळईखालच्या जागेची होते. थेलीसने भाड्याने घेतली ती ही जागा.

क्लाझोमेनाय हे अनॅक्सागोरसचं गाव. सूर्य म्हणजे तापलेला दगड, असं म्हणणारा हा माणूस आयोनियाची विचारपद्धत अथेन्सला घेऊन गेला आणि तिथे त्याच्यावर देवनिंदेचा खटला झाला.

दुपारी सिजाजिकजवळ तेओस. ऑलिव्हच्या बागांत डायोनिससच्या देवळाचे दगड पसरलेत, तासाभरात होतं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो, थेलीसने आयोनियाच्या सगळ्या शहरांना सल्ला दिला होता की तेओस मध्यभागी आहे, तिथे एकच परिषद बसवा. कुणी ऐकलं नाही. मुक्काम सेल्चुक.

दुसरा दिवस : एफेसस, पण आधी तळं

सकाळी एफेससच्या मुख्य दरवाजाकडे धावायचं नाही. सेल्चुक गावाच्या कडेला, रस्त्यालगत, आर्टेमिसचं देऊळ आहे, म्हणजे होतं. आज एक सखल तळं, दगडांचे ढीग आणि तुकडे जोडून उभा केलेला एकच खांब, ज्याच्यावर करकोचे घरटं करतात. पर्यटक गाडीतूनच फोटो काढून पुढे जातात.

हेराक्लिटसचं एफेसस मात्र हेच. लिडियाचा राजा क्रीससच्या काळापासून अलेक्झांडरपर्यंत शहर या देवळाभोवती वसलेलं होतं, असं प्राचीन भूगोलकार स्ट्राबो सांगतो. आपण तिकीट काढून बघतो ते संगमरवरी एफेसस अलेक्झांडरचा सेनापती लायसिमाकसने इ.स.पू. 300च्या आसपास दुसरीकडे हलवून वसवलेलं. सेल्ससच्या रोमन ग्रंथालयासमोर उभं राहून हेराक्लिटसची आठवण काढणं म्हणजे सहाशे वर्षांची चूक. जुनं शहर नदीच्या गाळाखाली गेलंय. देऊळही इतकं खोल गेलं होतं की जॉन टर्टल वुड या इंग्रज उत्खननकर्त्याला ते शोधायला सहा वर्षं लागली. फरशी लागली ती 31 डिसेंबर 1869ला.

हेराक्लिटसने आपलं पुस्तक याच देवळात ठेवलं, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनीस लाएर्शियस नोंदवतो. पुस्तक गेलं. उरली ती इतरांनी उद्धृत केलेली सव्वाशेच्या आसपास वाक्यं. 'एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही' हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध, पण त्याचं सगळ्यांत विश्वासार्ह रूप वेगळं आहे : त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवरून वेगळं आणि वेगळं पाणी वाहत राहतं. नदी तीच, पाणी नवं. पाणी बदलतं म्हणूनच ती नदी, नाहीतर डबकं. 'सगळं क्षणभंगुर' असा त्याचा अर्थ लावला की मुद्दा निसटतो. बौद्ध क्षणिकवादाशी घाईने जुळवतानाही हेच होतं. ज्या नदीच्या काठी हे लिहिलं गेलं तिचं नाव कायस्त्रोस, आजची क्युचुक मेंदेरेस. हिच्याच गाळाने बंदर बुजवलं.

दुसरं वाक्य : सगळ्या वस्तूंचा अग्नीशी विनिमय होतो, जसा मालाचा सोन्याशी आणि सोन्याचा मालाशी. याच देवळाच्या पायात 1904-05च्या उत्खननात सोनं-चांदीच्या मिश्रधातूची, इलेक्ट्रमची, नाणी सापडली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांपैकी. कुठलाही माल एकाच मापाने मोजता येतो, ही कल्पना या गावात नुकतीच हातात आली होती. अग्नीला त्याने नाण्याच्या जागी बसवलं, असं वाचलं की वाक्य गूढ राहत नाही. ठराविक मापाने पेटणारा आणि ठराविक मापाने विझणारा अग्नी, असं तो दुसरीकडे म्हणतोच.

देवळाचे बरेचसे खांब क्रीससने दिले, असं हिरोडोटस लिहितो. त्याच्या नावाचे कोरीव तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खांबावर दात्याचं नाव कोरण्याची रीत आपल्याला कार्ल्यात भेटते. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं नोंदलेली आहेत.

नंतर वेळ असला तर नवं एफेसस. वरच्या दरवाजाने आत जावं, खालच्याने बाहेर पडावं. सगळा उतार मिळतो. दोन-अडीच तास पुरे.

मुक्कामात मंगळवार येत असेल तर सेल्चुकहून चाळीसेक किलोमीटरवर तिरेचा आठवडे बाजार आहे, आणि तिथे लोकर दाबून नमदे करणारे कारागीर अजून आहेत. त्यांचं काम उद्या मिलेटसमध्ये उपयोगी पडेल.

तिसरा दिवस : प्रिएने आणि मिलेटस

आठला निघालं तर सोकेमार्गे नऊ-सव्वानऊला प्रिएने. डोंगराच्या पायरीवर वसलेलं हे शहर इ.स.पू. चौथ्या शतकात नव्याने आखलं, सरळ काटकोनी गल्ल्यांत. अथेनाच्या देवळाचे पाच खांब उभे आहेत. इथलं खरं काम म्हणजे कठड्याजवळ उभं राहून दक्षिणेला पाहणं. खाली नजर पोचेल तिथवर कापसाची शेतं, विदर्भातल्या माणसाला ओळखीची. थेलीसच्या काळात तिथे समुद्राचं आखात होतं. ब्युयुक मेंदेरेस नदीने ते गाळाने भरलं. तिचं जुनं नाव मेयान्द्रोस. युरोपीय भाषांत नागमोडी वळणांना जो शब्द आहे तो याच नदीचा. प्रिएनेला पाऊण-एक तास.

खाली उतरून शेतांतून वीसेक किलोमीटर गेलं की बालात गाव आणि मिलेटस. आत चहापाण्याची फारशी सोय नाही, पाणी सोबत असावं. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला सखल भागात पाणी साचतं. बाजारपेठेकडच्या वाटा बंद होतात, डास असतात. घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत.

पहिल्यांदा नाट्यगृहावर चढायचं, पंधरा हजार प्रेक्षकांचं. पाहायचं ते बांधकाम नव्हे, ते रोमन आहे. सर्वांत वरून पश्चिमेला पाहिलं की सपाटीत एक एकटी टेकडी दिसते. ते लादे बेट. इ.स.पू. 494ला त्याच्या भोवतीच्या समुद्रात पर्शियन आरमाराने आयोनियन जहाजांचा पराभव केला आणि मिलेटस जाळलं. आज समुद्र तिथून काही किलोमीटर लांब आहे. शहराला चार बंदरं होती. ईशान्येला सिंह-बंदर, दोन्ही बाजूंना संगमरवरी सिंह बसवलेले. आता ती गवताळ दलदल. याच बंदरांतून जहाजं काळ्या समुद्रावर आणि इजिप्तच्या नॉक्रातिसला जात. देवांच्या चार वेगळ्या कहाण्या चार बंदरांत ऐकणाऱ्याला आपलीच कहाणी खरी का, हा प्रश्न पडणं सोपं जातं. हा अर्थात तर्क आहे, पुरावा नाही. पण जागा पाहिल्यावर तो पटतो.

आता या शहरातले तिघे तत्त्वज्ञ. त्यांच्याबद्दल वाचताना कोणतं वाक्य त्यांचं आणि कोणतं नंतरच्याचं, हे वेगळं ठेवावं लागतं. थेलीसचं लिहिलेलं एक अक्षरही उरलेलं नाही. 'सगळ्याचं मूळ पाणी' हे आपल्याला ॲरिस्टॉटलमुळे माहीत, तेही दोनशे वर्षांनंतर. आणि कारणं देताना ॲरिस्टॉटल स्वतःच 'कदाचित' म्हणतो : अन्न ओलं असतं, बीज ओलं असतं. थेलीसने भाकीत केलं म्हणतात त्या सूर्यग्रहणाचंही तसंच. 28 मे 585 इ.स.पू. ही तारीख आधुनिक गणिताची. हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे थेलीसने फक्त वर्ष सांगितलं होतं. एखाद्या ठिकाणाहून खग्रास ग्रहण दिसेल की नाही हे सांगण्याइतकं भूमितीचं ज्ञान तेव्हा कुणाजवळच नव्हतं.

थेलीसच्या मते पृथ्वी पाण्यावर तरंगते. मग पाणी कशावर? हा प्रश्न घेऊन अनॅक्सिमँडर पुढे गेला. त्याचं उत्तर धाडसी होतं : पृथ्वी कशावरच नाही. ती मध्यभागी आहे, सगळ्या बाजूंनी सारखी दूर, म्हणून एकीकडे जाण्याचं कारणच नाही. आणि मूळ तत्त्व पाणी असतं तर त्याच्या उलट स्वभावाचा अग्नी टिकला कसा असता? म्हणून मूळ तत्त्व कुठलाच ओळखीचा पदार्थ नव्हे, 'अपैरॉन', ज्याला सीमा नाही ते. त्याचं एकच वाक्य जवळजवळ त्याच्या शब्दांत उरलंय, तेही सिम्प्लिकियस या इ.स. सहाव्या शतकातल्या भाष्यकारामुळे, हजार वर्षांच्या अंतराने. वस्तू जिथून येतात तिथेच लयाला जातात, कारण त्या काळाच्या ठरावाप्रमाणे एकमेकींना अन्यायाचा दंड आणि भरपाई देतात. थंडी उन्हाळ्याची जागा बळकावते, मग दंड भरते. भाषा कोर्टाची आहे. निसर्गाला राजाचा हुकूम नाही, कायदा आहे, हे सांगायला त्याच्याजवळ तेवढीच भाषा होती.

तिसरा अनॅक्सिमेनीस. पुस्तकांत याला दोन ओळी मिळतात आणि हा अन्याय आहे. मूळ तत्त्व हवा, एवढं ऐकून थेलीसपेक्षा मागे गेल्यासारखं वाटतं. पण एकाचं दुसरं कसं होतं, याची यंत्रणा पहिल्यांदा त्याने दिली : हवा विरळ झाली की अग्नी, दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड. दाट होण्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द आहे 'पिलेसिस', लोकर दाबून नमदा करणं. मिलेटसची लोकर तेव्हा नावाजलेली होती. तिरेच्या कारागिराकडे हे प्रत्यक्ष दिसतं. पिंजलेली लोकर थर करून पसरतात, तेव्हा ती गुडघाभर फुगलेली असते. गरम पाणी आणि साबण शिंपडून गुंडाळतात, लाटतात, दाबतात. तंतू एकमेकांत अडकतात, आणि विणकाम न करता बोटभर जाडीचं घट्ट कापड होतं. आपल्याकडे घोंगडी विणतात, पण धनगरांची जेन अशीच दाबून केलेली असते. पदार्थ तोच, फक्त जवळ आला. गुणांचा फरक प्रमाणाच्या फरकातून निघतो, हा विचार इथे आहे.

त्याने प्रयोगही दिला. ओठ आवळून तळहातावर फुंकर मारा, थंड लागते. तोंड उघडं ठेवून 'हा' करा, गरम. म्हणजे दाबलेली हवा थंड, सैल हवा गरम. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. आवळलेल्या ओठांतून निघणारी वेगवान फुंकर आजूबाजूची गार हवा ओढून घेते आणि कातडीवरचा ओलावा उडवते. तळहात ओठांना अगदी चिकटवून तीच फुंकर मारा, ती गरम लागेल. एका पावलाने चुकला. पण चूक तपासता यावी अशा रीतीने चुकला.

उतरून डेल्फिनिऑन पाहावं, अपोलोचं आवार, सिंह-बंदराला लागून. दिदिमाची पवित्र वाट इथून निघे. शेवटी इल्यास बे मशीद, 1404ची, जुन्या संगमरवराची आणि सुरेख. मिलेटसला साडेतीन तास ठेवावेत. मुक्काम दिदिम.

चौथा दिवस : दिदिमा

अपोलोचं हे देऊळ अलेक्झांडरनंतर बांधायला घेतलं आणि कित्येक शतकं काम चालूनही पुरं झालं नाही. तीन खांब उभे आहेत, प्रत्येकी एकोणीस-वीस मीटर उंच. एक खांब आडवा पडलाय, त्याच्या चकत्या कलंडलेल्या नाण्यांच्या चवडीसारख्या. त्या पाहताना अनॅक्सिमँडर आठवावा : पृथ्वी खांबाच्या दगडी चकतीसारखी आहे, असं तो म्हणाला, जाडी रुंदीच्या एक-तृतीयांश, आपण वरच्या सपाट बाजूवर राहतो. या चकत्या त्याच्या नंतरच्या आहेत, पण त्याच्या हयातीत या भागात मोठमोठी दगडी देवळं उभी राहू लागली होती.

दोन अंधाऱ्या, उतरत्या बोगद्यांपैकी एकातून आतल्या उघड्या आवारात जायचं. तिथल्या भिंतींवर काय आहे हे 1979पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं : बारीक रेघा. लोखंडी टोकाने ओरखडलेले बांधकामाचे आराखडे, मिळून सुमारे दोनशे चौरस मीटर. एका आराखड्यात खांबाचा बारीकसा फुगवटा काढलाय. रुंदी पूर्ण मापाची, उंची मात्र सोळा पटींनी आखडलेली, एका फुटाला एक बोट. असं केल्याने जवळजवळ न दिसणारा फुगवटा ठळक कंस बनतो आणि मापं थेट घेता येतात. भिंत घासून गुळगुळीत करण्याचं शेवटचं काम झालं असतं तर हे सगळं पुसलं गेलं असतं.

भर दुपारी रेघा दिसतच नाहीत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन भिंतीला घासून जात असताना, भिंतीच्या बाजूने तिरकं पाहावं. संध्याकाळी गाडी परत करून कुशादासी.

पाचवा दिवस : समुद्र ओलांडून

कुशादासी–सामोस बोट हंगामातच नियमित असते. आदल्या दिवशी वेळ आणि बंदर दोन्ही विचारून घ्यावं. काही बोटी वाथीला लागतात, काही पायथागोरिओला. वाथीच्या संग्रहालयात पावणेपाच मीटर उंचीचा संगमरवरी तरुण आहे, पण त्याच्याइतकीच महत्त्वाची आहेत हेराच्या देवळात वाहिलेली इजिप्त आणि मेसोपोटेमियातली ब्राँझची शिल्पं. ज्ञान कुठून कुठे आलं याचा हा हाताला लागणारा पुरावा. काटकोन त्रिकोणाचा नियम बाबिलोनमध्ये पायथागोरसच्या हजार वर्षं आधी माहीत होता. आणि स्वतः पायथागोरस इ.स.पू. 530च्या सुमारास बेट सोडून इटलीतल्या क्रोतोनला गेला, त्याचा पंथ तिथे वाढला. बंदरावरचा त्रिकोणी पुतळा आधुनिक आहे.

सहावा दिवस : एक सावली आणि एक बोगदा

साडेनऊला हेराचं देऊळ, पायथागोरिओपासून सहा-सात किलोमीटर. सपाट जमिनीवर एकच खांब उभा, चकत्या सरकलेल्या. थेलीसने पिरॅमिडची उंची सावलीवरून मोजली म्हणतात, ते इथे करून पाहता येतं. एक मीटरची काठी सरळ रोवा. मेच्या सुरुवातीला सकाळी दहाच्या सुमाराला तिची सावली बरोबर एक मीटर होते (दुपारी चारलाही होते, पण तोवर फाटक बंद झालेलं असू शकतं). त्या क्षणी खांबाच्या सावलीचं टोक खूण करून पायापर्यंतचं अंतर पावलांनी मोजायचं. खांबाभोवतीची दोरी आड येते, म्हणून सावली थेट खांबापासून मोजता येत नाही. उरलेलं अंतर अंदाजाने धरावं लागतं. पिरॅमिडलाही हीच अडचण, मोठ्या प्रमाणावर : शिखराचा लंब पायाच्या मधोमध पडतो, तेव्हा सावली पायाच्या एका बाजूला काटकोनात पडेल तेव्हाच मोजायची आणि तिच्यात अर्धा पाया मिळवायचा.

मग युपालिनोस या अभियंत्याचा, शहरात पाणी आणण्यासाठी खणलेला बोगदा. 1036 मीटर, इ.स.पू. सहावं शतक, डोंगराच्या दोन्ही टोकांकडून एकाच वेळी खणलेला. आत गटाने आणि ठरलेल्या वेळी सोडतात, हेल्मेट देतात. सुरुवातीचा जिना इतका अरुंद आहे की पाठीवरची सॅक काढून हातात धरावी लागते. बंद जागेची भीती असणाऱ्याने उतरू नये.

दोन टोळ्या चुकतील याची युपालिनोसने आधीच तरतूद केली होती. दोन समांतर बोगदे कधीच भेटत नाहीत, म्हणून भेटीच्या जागेजवळ दिशा मुद्दाम वळवली, म्हणजे रेषांनी एकमेकींना छेदलंच पाहिजे. उंचीत चूक झाली तर, म्हणून एकीकडे छत वर नेलं, दुसरीकडे जमीन खाली. प्रत्यक्षात उंची जवळजवळ तंतोतंत जुळली. पण बोगदा आडवा, सपाट. पाण्याला उतार हवा. म्हणून बोगद्याच्या जमिनीत एका बाजूने वेगळा चर खणला, उत्तरेला चारेक मीटर खोल, दक्षिणेला आठाच्या पुढे, आणि मातीचे नळ त्याच्या तळाशी घातले. चालताना जाळीतून खाली तो चर दिसत राहतो. भिंतीवर रंगाने मोजमापाची अक्षरं आहेत, आणि एके ठिकाणी 'पारादेग्मा' हा शब्द : नमुना. पुढे प्लेटोने जगाचे मूळ नमुने याच शब्दाने सांगितले.

बाहेर पडल्यावर पायथागोरिओचं बंदर चालत वीस मिनिटांवर. पिरेअसला, म्हणजे अथेन्सला, जाणारी बोट सामोसहून मिळते.